संकेतस्थळाची पारख

(खराडी, पुणे येथे शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



इऑन आयटी पार्कच्या सावलीतील या खराडीत संगणकाची नवलाई कोणालाच उरलेली नाही. आपली मुले मोबाईल सराईतपणे हाताळतात. परंतु यंत्र चालविता येणे निराळे आणि त्यावरील मजकुराची पारख करता येणे निराळे.

अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास सातवीच्या पंचवीस मुलांना झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसविषयीचे एक संकेतस्थळ दाखविले. ती निव्वळ थट्टा होती. असा प्राणीच नाही. तरीही जवळजवळ सर्व मुलांनी ते विश्वसनीय ठरविले. इंटरनेट वापरण्यात ती मुले तरबेज गणली जात होती, हे विशेष!

ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. तेथे फसले ते प्रौढ होते.

मग मुलांना शिकवावे काय? पत्त्याचा शेवट पाहण्यास जरूर शिकवावे. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट शासकीय संस्थांसाठी राखीव आहे; तीच अक्षरे पत्त्याच्या मध्येच घुसविली असतील तर सावध व्हावे. मात्र बालभारतीचे अधिकृत संकेतस्थळ 'ईबालभारती डॉट इन' असे आहे. तेव्हा केवळ पत्त्यावरून निवाडा होत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हानेही मालकाचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्र्यू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांची तुलना केली. विद्वान प्राध्यापकांपैकीही अनेकजण त्याच पानावर रेंगाळले व फसले. व्यावसायिक तपासनीस मात्र ते पान सोडून, त्याच्या कर्त्याविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहू लागले. आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. बैलबाजारात विकणाऱ्याच्या तोंडून बैलाचे गुण ऐकून कोणी पैसे मोजत नाही. तो आधी त्याच्या गावात चौकशी करतो.

वर्गात 'मोफत लॅपटॉप' देणारा एखादा संदेश फळ्यावर लिहावा. तो कोणी पाठविला, त्यात नाव-पत्ता भरून घेण्यामागे कोणाचा लाभ आहे, संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर अशी योजना आहे काय, हे मुलांनीच शोधावे. आठवड्यातून एक तास व एक मोबाईल एवढ्यावर हे भागते. पालकांना एवढीच विनंती की, घरी आलेला संदेश पाहून मुलाने "बाबा, हे लिहिले कोणी?" असे विचारले, तर त्याच्यावर रागावू नये.