इतिवृत्तातली एक दुरुस्ती

(रौप्यमहोत्सवी समारंभात संस्थेच्या एका माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला "संस्थेच्या जुन्या आठवणी" यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे आठवणीसुद्धा मी नोंदवही उघडून सांगतो. २००९ सालचं आपल्या सोसायटीचं इतिवृत्त चाळताना माझ्याच हस्ताक्षरातलं एक वाक्य सापडलं. "मिस्त्रींची यंत्रे सभासदांच्या श्रमदानातून भोसरीहून धायरीस सुखरूप आणण्यात आली. सर्वांचे आभार." खाली सचिव म्हणून माझी सही. हे वाक्य पूर्ण खरं नाही. ते आज दुरुस्त करायचंय.

नव्या सभासदांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. २००० साली आपण इथं राहायला आलो तेव्हा निम्म्या फ्लॅटना आतले दरवाजे नव्हते. बिल्डर काम अर्धवट टाकून गेलेला. तेव्हा आपल्या मिस्त्रींनी घरोघरी दरवाजे बसवले, ओटे, कपाटं केली, आणि पैसे कुणाकडून तीन हप्त्यांत, कुणाकडून सहा हप्त्यांत घेतले. एक कागद केला नाही. मी बँकवाला, मला त्याचंच नवल वाटायचं. विनातारण कर्ज इतक्या निवांतपणे देणारा माणूस मी बँकेतही पाहिला नव्हता.

२००९ साली भोसरीतला एक जुना लाकूडकामाचा कारखाना बंद पडत होता. मिस्त्रींनी साठवलेले सगळे पैसे घालून तिथली तीन मशीन घेतली. बारा इंची रंध्याचं मशीन, एक बँडसॉ आणि एक गोल करवतीचं टेबल. धायरीत भाड्याची शेड घेतली. पण क्रेन, कामगार, वाहतूक यांना पैसा उरला नाही, आणि जागा आठ दिवसांत मोकळी करायची होती. गोष्ट माझ्या कानावर आली. मी चार महिन्यांपूर्वीच निवृत्त झालो होतो, अंगात उत्साह मावत नव्हता. सभेत म्हटलं, "आपण बारा जण जाऊ. रंध्याचं मशीन ३६० किलोचं. भागिले बारा, प्रत्येकी ३० किलो. म्हणजे भरलेला गॅस सिलिंडर. त्यात काय एवढं?" टाळ्या पडल्या.

तेवढ्यात सी विंगमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "काका, माझ्या वडलांना इचारा आधी." त्यांचे वडील मार्केट यार्डात हमाल होते, पुढं दुकानांच्या, पेढ्यांच्या तिजोऱ्या हलवणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. माझा भागाकार ऐकून ते हसले. म्हणाले, "सायेब, मशीनला हात लावाय जागा चारच मानसांची. बाकीचे आठ काय हवेत उचलनार? आन् एकानं हात सोडला की त्याचं वजन दुसऱ्याच्या अंगावर जातंय. वजनाचे वाटे पडत न्हाईत."

मी त्यांना म्हटलं, तुम्हीही श्रमदानात या. त्यावर म्हणाले, "तुमी श्रमदान करा. मी हमाली घेनार." मला क्षणभर वाईट वाटलं, पण मग पटलं. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो याचसाठी, की अंगमेहनतीला दर असतो आणि हमालालाही हक्क असतात. आम्ही सुट्टीचा दिवस देत होतो, ते आयुष्यभराची विद्या देत होते. टेम्पोच्या भाड्याबरोबर त्यांचीही हमाली आम्ही वर्गणीतून काढली.

त्या रविवारी भोसरीत आम्ही जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे. मशीन उचलायचं नसतं, हलवायचं असतं. आधी मोटर, पट्टे, सुटे भाग काढून वजन कमी केलं. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशीच तेल घालून ठेवलं होतं. मग पहार घालून एक कोपरा इंचभर वर, खाली लाकडी ठोकळा. दुसरा कोपरा इंचभर वर, पुन्हा ठोकळा. पहार रंध्याच्या टेबलाखाली किंवा पात्यांच्या रोळाखाली लावायची नाही, बुडाच्या जाड भागालाच लावायची. कारण मशीन बिडाचं. बीड लोखंडासारखं वाकत नाही, एकदम तडकतं. मग खाली दोन जाड वासे घालून मशीन त्यांना बोल्टांनी जखडलं. वाशाखाली पाण्याचे दीड इंची पाईप घातले, आणि जे मशीन बारा जणांना जड होतं ते सपाट फरशीवर दोघांनी ढकलत नेलं. मागून सुटलेला पाईप उचलायचा, पुढं नेऊन घालायचा. पाईप कधी आतून बोटं घालून धरायचा नाही. बँडसॉ वरून जड, उभा नेला तर वळणावर आडवा होणार, म्हणून तो जुन्या गाद्यांवर निजवून नेला. कारखान्यात छताच्या गर्डरला चेन पुली होती, तिनं तिन्ही मशीन टेम्पोत चढवली.

सगळ्यात महत्त्वाचे नियम मुकादमांनी आधीच सांगितले होते. हुकूम एकाचाच. पायात बूट. आणि "पडतंय ते पडू द्यायचं, धराय जायचं न्हाई."

बायपासनं संध्याकाळी धायरीला पोहोचलो. इथं चेन पुली नव्हती. टेम्पोच्या चाकांना दगड लावले, मागं नऊ फुटी जाड फळ्यांचा उतार केला, आणि मशीनला बांधलेल्या दोराचे केबिनमागच्या लोखंडी खांबाभोवती दोन वळसे घेतले. दोन वळशांच्या जोरावर एक माणूस दोर सोडत सोडत एवढं धूड आवरू शकतो, हे मी तेव्हाच पाहिलं. करवतीचं टेबल उतरलं, बँडसॉ उतरला. राहिलं रंध्याचं मशीन. ते उतारावर मधेच अडकलं. मुकादम हातपाय धुवायला नळावर गेले होते. अंधार पडत होता, सगळे दमले होते. आणि मी म्हणालो, "एक पाईप घाला खाली, लगेच सुटेल."

सुटलं. उतारावर पाईप घालायचा नसतो. तिथं वासा फळीवर घासतच आला पाहिजे, ते घासणंच मशीनला आवरून धरतं. पाईप तिरका झाला, मशीन फळीच्या कडेला सरकून कलंडायला लागलं. बाजूला आपल्या सोसायटीतला एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले. मागून मुकादमांची आरोळी आली, "सोड!" मुलगा उडी मारून बाजूला झाला आणि मशीन कोसळलं. टेबलाचा कोपरा तुटला. त्या मशीनच्या बुडाखाली मुलाची एक चप्पल अडकली होती. बूट घालून यायचं ठरलेलं असताना तो चपलेत आलाय, हे मी सकाळीच पाहिलं होतं आणि उशीर नको म्हणून बोललो नव्हतो.

मुकादम मला एवढंच म्हणाले, "सायेब, मी हुतो की हितंच." दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्तात "सुखरूप" लिहिलं.

बँकेत कॅश जुळली की दिवस संपला. इथंही माणसं मोजली, बारा निघाले, बारा परत आले, जुळलं, असं मी मनाशी धरलं. पण ते माझ्यामुळं जुळलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी हे भाषण लिहायला बसलो आणि उठून त्या मुलाच्या आईकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मला त्याच रात्री कळलं होतं. एका पायात चप्पल घालून घरी आला होता तो. मी वाट बघत होते, तुम्ही कधी येताय." सोळा वर्षं. रोज जिन्यात भेटायच्या, संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या. आज त्यांच्या परवानगीनंच हे बोलतोय. त्या समोर बसल्यात.

मिस्त्रींनी तो कोपरा तसाच ठेवला. लांब फळी लावताना तिथं थोडं जपावं लागतं, पण मशीन चालतंय. त्यांचा मुलगा आता त्यावर काम करतो. खंडेनवमीला ते आम्हाला बोलावतात, मशीनला झेंडूची माळ घालतात. मुकादम आता नाहीत. त्यांच्या नावाचा नारळ मिस्त्री आधी फोडतात.

हे आज सांगायचं कारण असं की पुढच्या महिन्यात आपला जुना जनरेटर हलवायचा आहे आणि आपल्या तरुण मुलांनी "आम्हीच हलवतो" म्हणून नावं दिली आहेत. पोरांनो, तुमचं कौतुक आहे. जरूर करा. पण आधी जाणकार माणूस आणा आणि त्याला त्याची मजुरी द्या. तो नळावर गेला असेल तर थांबा. चपलेत आलेल्याला घरी परत पाठवा, त्याला राग आला तरी चालेल. आणि सचिवसाहेब, काही चुकलंच, तर ते जसं घडलं तसं लिहा.

माझ्या त्या वाक्याखाली अध्यक्षांच्या संमतीनं मी पुढील नोंद केली आहे. "यंत्र उतरवताना सचिवांच्या चुकीच्या सूचनेमुळे अपघात झाला. मुकादमांच्या सावधगिरीमुळे एक सभासद-पुत्र बचावला. सचिव दिलगीर आहेत."