सालाखालचा ठिपका

वाचकहो, या घटकेला आपल्या खिशात किंवा कनवटीला एखादा रुपया असेलच. तो काढा आणि उजेडात धरा. सिंहाची बाजू नको, दुसरी पाहा. खाली साल दिसेल. ते सगळेच वाचतात. पण त्या सालाच्याही खाली काय आहे, हे आपण कधी निरखून पाहिले आहे काय?

बारीकशी चौकट असेल, बर्फीच्या वडीसारखी, तर ते नाणे मुंबईच्या टाकसाळीत पडले. चांदणी असेल तर हैदराबादचे. नुसता गोल ठिपका असेल तर नॉयडाचे. ही टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, चौघींत धाकटी. आणि काहीच नसेल तर? तर ते कोलकात्याचे. खूण नसणे हीच त्या टाकसाळीची खूण! एकाच सालाचा रुपया असा चार घरचा निघतो, आणि चारांपैकी एखाद्या घरी त्या साली थोडीच नाणी पडलेली असली की संग्रह करणारा माणूस ते एक नाणे हुडकत बसतो.

मला हा नाद लागला तो जळगावात, एका किराणा दुकानाच्या गल्ल्यावर. सुट्ट्या पैशांची नेहमीची ओरड. म्हणून बँकेतून शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या आणायच्या. आता एक गोष्ट अनुभवाने सांगतो. टाकसाळीतून थेट आलेली कोरी पिशवी आमच्या कामाची नाही. तिच्यात शंभरच्या शंभर नाणी एकाच सालाची, एकाच खुणेची. सख्ख्या भावंडांची रांगच जणू. मजा असते ती लोकांनी बँकेत भरलेल्या चिल्लरीत. देवळाची दानपेटी, एस.टी.चे वाहक, भाजीवाल्या मावशी यांच्या हातून फिरून आलेली नाणी. तीत तीस-तीस वर्षे एकमेकांना चिकटून बसलेली असतात. कॅशियर साहेबांना मी म्हणे, "साहेब, कोरी नको, मळकी द्या." ते आधी हसत. पुढे पुढे स्वतःच बाजूला काढून ठेवू लागले.

पिशवी उपडी केली की पहिले हत्यार लोहचुंबक. १९९२ पासूनचे रुपये पोलादी, ते चटकन् चिकटतात. त्याआधीचे बहुतेक तांबे-निकेलचे, ते जागचे हलत नाहीत. दोन मिनिटांत जुने-नवे वेगळे. दोनाच्या नाण्याचे असेच, मात्र तिथे पोलाद २००५ पासून. मग भिंग. १९८५ चा रुपया आला तर घाई करू नका. त्या दिवसांत देशात नाण्यांचा इतका तुटवडा होता की आपल्या सरकारने काही नाणी परदेशांतून पाडून आणविली. बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीत पडलेल्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच् अक्षर आहे. पुढे शतक बदलण्याच्या सुमारास आलेल्या पाच रुपयांच्या काही नाण्यांवर तर मॉस्को टाकसाळीची रशियन अक्षरे सापडतात. विचार करा, मॉस्कोत घडलेले नाणे पारोळ्याच्या बाजारात मेथीच्या जुडीवर खर्ची पडते, आणि देणाऱ्याला पत्ता नाही, घेणारीलाही नाही.

जुन्या नाण्यांत तर साल सरळ फसवते. राणीच्या छापाचा १८६२ सालचा रुपया पुष्कळ घरांत आहे. पण तो १८६२ मध्येच पडला असे समजू नका. त्या वेळी साल गोठवून ठेवले होते. १८७४ पर्यंत निघालेल्या रुपयांवर १८६२ हेच साल आहे. मुंबईच्या रुपयांवर सालाच्या आसपास बारीक ठिपके आहेत, आणि जाणकार ते ठिपके मोजून खरे वर्ष लावतात. आमच्या आजोबांच्या डब्यात असा एक होता. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी आजी तो चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासून लख्ख करी. पन्नास दिवाळ्या! मी भिंगाखाली धरला तेव्हा राणी होती, साल होते, ठिपके मात्र गेले होते. आजीला मी काही बोललो नाही. आपल्या घरी असा रुपया असेल तर कृपा करून त्याला चिंच लावू नका. मळ असू द्या.

ठिपके पुसले जातात तसे आकडे घडविलेही जातात. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे, १९३८ चा सहज मिळतो. मग काही हुशार मंडळी आठाचा नऊ करतात. असा नऊ भिंगाखाली पाहा: आकड्याभोवतीची जमीन ओरखडलेली दिसते, आणि शेपटी शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस ओळखणारे डोळे पिढ्यानुपिढ्यांचे, पण चांदीची पारख वेगळी आणि सालाची वेगळी. १९३८ च्या रुपयातही तितकीच चांदी आहे, म्हणून कसोटीवर ही लबाडी सापडायची नाही.

याहून मोठी लबाडी हल्ली फोनवर चालते. धुळ्याजवळच्या आमच्या एका मावशींकडे वैष्णोदेवीच्या छापाचे पाच रुपयांचे नाणे होते, २०१२ चे. फोन आला, "दहा लाखांना घेतो, आधी नोंदणीचे अडीच हजार पाठवा." मावशींनी कापसाच्या पैशांतून अडीच हजार पाठविले. मग कराचे सात हजार मागितले, तेव्हा त्यांनी मला बोलाविले. नाणे हातावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, देख बरं, हाई खरं शे का?" नाणे खरेच होते. बाजारात त्याचे पाच रुपये येतात, हौशी माणूस फार तर थोडे अधिक देईल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, आणि तिच्या नावाने शुल्क वा दलाली मागण्याचा अधिकार कुणाला दिलेला नाही. हे मावशींना मी वाचून दाखविले. गेलेले अडीच हजार काही परत आले नाहीत.

कुणाला खरोखर शिकायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पण आरंभाला एक भिंग, एक लोहचुंबक आणि शंभराची मळकी पिशवी पुरे. पाहून झालेली नाणी पुन्हा गल्ल्यात टाकायची, म्हणजे भांडवल अडकत नाही.

माझा १९८५ चा एच् चा रुपया सातव्या वर्षी सापडला. बँकेच्या पिशवीत नव्हे, बरे का. त्याच मावशींनी चहाच्या पुडीसाठी दुकानात दिला. मी त्यांना तो भिंगातून दाखविला आणि त्याबद्दल दुसरा रुपया देऊ केला. त्यांनी आधी तो नीट उलटा करून पाहिला, सालाखाली काय आहे ते.