सिंहलद्वीपात सोळा दिवस



श्रीलंकेच्या सहलीचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे. सहा दिवस, रोज नवे हॉटेल, पहाटे पाचला बस. आणि घरी परतल्यावर कोणता स्तूप कोणत्या गावी पाहिला याचा घोळ! आम्ही सहा जण, सगळेच निवृत्त. आम्ही ऑगस्टमध्ये सोळा दिवस काढले आणि मुक्काम चारच ठेवले. राहण्याची सोय उत्तम घेतली. यावर कुणी नाक मुरडील. परंतु ज्यांच्या आईबापांनी उभा जन्म गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत काढला, त्यांनी फंडाच्या पैशातून चार दिवस सुखाने राहण्यात संकोच कसला? तरीही खरा खर्च आम्ही वेळेवर केला, असेच म्हणू.

पहिला मुक्काम अनुराधपूर. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी येथे आणली. मनुष्याने लावलेल्या आणि लागवडीचा काळ ज्ञात असलेल्या वृक्षांत हा सर्वांत प्राचीन मानला जातो. बसवाले येथे अर्धा तास देतात. आम्ही तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गेलो. पांढऱ्या वस्त्रांतली कुटुंबे कमळे घेऊन येतात, लहान मुले वाळूत बसतात, घाई कुणालाच नसते. एक सूचना आवर्जून करतो : बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तेथे तो अनादर समजतात.

जवळच जेतवनाराम स्तूप आहे. महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो बांधावयास घेतला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. त्या काळी इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर एवढी उंच वास्तू जगात नव्हती. याच महासेनाने मिन्नेरियाचा तलाव बांधला. आम्ही हबरणला दुसरा मुक्काम केला तो या तलावासाठी.

कोरड्या हंगामात तलाव आटू लागतो, काठच्या गाळात कोवळे गवत उगवते आणि आसपासच्या रानांतून हत्तींचे कळप तेथे उतरतात. राजाने तलाव बांधला तो भातशेतीसाठी. सतराशे वर्षांनी त्यावर हत्तीही जगतात आणि शेतकरीही. लोक महासेनाला मिन्नेरियाचा देव म्हणून पुजतात, ते उगीच नव्हे. पहिल्या संध्याकाळी जीपगाड्यांच्या गर्दीतून आम्हाला धुरळाच अधिक दिसला. तिसऱ्या संध्याकाळी एक पिल्लू आईच्या पायांमधून सोंडेने गवत उपटण्याचा प्रयत्न करीत होते, ते आम्ही तासभर पाहिले. चित्र सगळेच गोड नाही. मोरगहकंद धरणाचे पाणी इकडे वळवल्यापासून काही वर्षी तलाव भरलेलाच राहतो, मग गवत उगवत नाही. हत्ती शेतात शिरतात. त्या देशात दरवर्षी शेकडो हत्ती मरतात आणि माणसेही दगावतात.

समुद्राचे गणित सोपे आहे. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य किनारा खवळलेला असतो, पूर्वेचा शांत. म्हणून त्रिंकोमालीजवळ निलावेलीला गेलो. पांढरी वाळू, उथळ निळे पाणी. पोहता न येणारेही निर्धास्त उतरले. २००९ साली यादवी युद्ध संपेपर्यंत इकडे पर्यटक क्वचितच फिरकत. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनेही हा किनारा झोडपला होता.

शेवटी कँडीवरून डोंगरात. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी कँडीत आले होते, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यापुढे हॅटनच्या बाजूला चहाचे मळे लागतात. इंग्रज व्यवस्थापकांच्या जुन्या बंगल्यांत आता पाहुणे उतरतात, आम्हीही उतरलो. अंथरुणातच चहा, फायरप्लेस, गुलाबांची बाग. खाली उतारावर मळेकामगारांच्या खोल्यांची लांब ओळ. तिला तेथे ‘लाइन’ म्हणतात. वर साहेबाचा बंगला आणि खाली ओळीने खोल्या, ही रचना आम्हाला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

या कामगारांचे पूर्वज इंग्रजांनी तमिळ मुलखातून आणले. त्यांत दलित जातींचे लोक फार मोठ्या संख्येने होते. १९४८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व नाकारले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने सव्वापाच लाख माणसे भारताने आणि तीन लाख सिलोनने घ्यायची ठरली, जणू मालाची वाटणी! उरलेल्यांचा प्रश्न मार्गी लागायला २००३ चा कायदा यावा लागला.

एका रात्रीचा मुक्काम असता तर आम्हीही गुलाबांचे फोटो घेऊन उतरलो असतो. चौथ्या दिवशी पाने खुडणारी एक बाई आमच्याशी बोलली. चालक दुभाषा झाला. आम्ही भारतातले म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, निलगिरी तुमच्या गावाहून किती लांब? करारानंतर तिच्या चुलत्याचे कुटुंब तिकडच्या मळ्यांत पाठवले गेले. ती स्वतः अजून गेलेली नाही. आम्ही अंतर सांगितले, तिने ते बोटांवर मोजले, आणि भोंगा वाजताच पाठीवरची टोपली सावरून वजनकाट्याकडे गेली.