विद्यापीठाचे आवार आणि बिबट्याचे भय



वसंत व्याख्यानमालेला लोक इतिहास, वाङ्मय, फार तर राजकारण ऐकावयास येतात. मी आज बिबट्यावर बोलणार म्हटल्यावर वक्ता वाट चुकला की काय, अशी शंका कोणाला आली असेल. पण या सभेत असे कितीतरी आईबाप बसले आहेत की, ज्यांचे मूल राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा गावाबाहेरच्या एखाद्या महाविद्यालयात शिकते. रात्री फोन लागला की त्यांचा पहिला प्रश्न 'जेवलीस का?' हा नसतो. 'खोलीवर पोचलीस का?' हा असतो. त्या प्रश्नामागच्या भयाचा आज आपण शांतपणे विचार करू.

हे भय कोठून आले? १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे मुळा धरणाचे पाणी आले आणि नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात उसाचे फड पसरले. १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच पट्ट्यात उभे आहे. ऊस शेतात वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, जवळ पाणी, आणि तोड येईपर्यंत माणसाची फारशी वर्दळ नाही. बिबट्याच्या मादीला पिले घालावयास याहून चांगली जागा कोणती? तेव्हा 'जंगलातून वाट चुकून आला' हे आपले बोलणे आता सोडले पाहिजे. उसात जन्मलेल्या बिबट्याचे घर ऊसच.

बिबट्या दिसला की आपली पहिली मागणी ठरलेली: पिंजरा लावा आणि त्याला दूर नेऊन सोडा. मागणी स्वाभाविक आहे, पण तिचा अनुभव काय? आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेचसे इतरत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्या काळात ते १७ वर गेले. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर बिथरते, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेजकडे सोडले होते. 'आजोबा' हे त्याचे नाव. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला! अशा प्राण्याला चार तालुके पलीकडे सोडून आपण काय साधणार?

मग उपाय कोणता? त्याचे उत्तर आपल्याच अकोले तालुक्यात मिळाले. तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या मुलुखात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आढळले. तरी संघर्षाच्या तक्रारी थोड्याच होत्या. हे बिबटे खातात काय, हे नंतर विष्ठा तपासून पाहण्यात आले. वजनाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव आणि गावठी जनावरांचे निघाले, आणि त्यात एकटी कुत्री ३९ टक्के!

श्रोतेहो, हा आकडा घेऊन एखाद्या वसतिगृहाच्या मागच्या बाजूला जा. मी अशा अनेक जागा पाहिल्या आहेत. पुढच्या दाराशी फुलझाडे, भिंतीवर सुविचार. मागे मेसचे खरकटे, आणि त्या खरकट्यावर पोसलेली वीस-पंचवीस कुत्री. खरकटे कुत्र्यांना बोलावते, कुत्री बिबट्याला बोलावतात, आणि आपण मात्र नशिबाला बोल लावतो. पिंजऱ्याचा अर्ज लिहिण्याआधी खरकट्याचा खड्डा झाकणे, कुत्र्यांचे निर्बीजीकरण करणे, वाटेवरचे रान छाटणे आणि बंद पडलेले दिवे लावणे, ही कामे खर्चाची नाहीत. ती कोणाच्या मानाची वाटत नाहीत, एवढीच अडचण आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. भय वाढले की बिबट्याला पिंजरा लागतो आणि मुलींच्या वसतिगृहाला कुलूप. मुलांनी रात्री दहापर्यंत ग्रंथालयात वाचावे आणि मुलींनी दिवेलागणीला आत यावे, हा बंदोबस्त नव्हे. ही जबाबदारीची टाळाटाळ आहे. बिबट्याला मुलगा-मुलगी कळत नाही. अंधारी वाट दोघांनाही अंधारीच असते. ज्या महात्मा फुल्यांचे नाव राहुरीच्या विद्यापीठाला आहे, त्यांच्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण याच नगरात मिस फरार यांच्याकडे घेतले. पुढे पुण्यात शाळेच्या वाटेवर अंगावर शेणमाती आली, म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. वाट सुरक्षित करणे हे समाजाचे काम. वाटच बंद करणे हे नव्हे.

याचा अर्थ बिबट्या निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. उसाच्या पट्ट्यात लेकरे गमावलेली घरे आहेत. त्यांच्यापुढे आकडे मांडण्याचे धाडस मी करणार नाही. माणसांवर वारंवार हल्ला करणारे जनावर वनखात्याने पकडलेच पाहिजे. पण रोजची काळजी आपल्या हातची आहे. अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नये. विजेरी घ्यावी, बोलत जावे, कानांत गाणी घालून चालू नये. उघड्यावर वाकून किंवा उकिडवे बसू नये. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. समोर आलाच तर पाठ फिरवून धावू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, मोठ्याने आवाज करीत हळूहळू मागे सरावे. घोळका करून त्याला घेरू नये, कारण कोंडलेला बिबट्या अंगावर येतो. फडात पिले सापडली तर त्यांना घरी नेऊ नये. आई शोधीत येते आणि पिले नसली की चवताळते. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपण येथून घरी जाल आणि मुलांना फोन कराल. 'खोलीवर पोचलीस का?' हे अवश्य विचारा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा: 'तुमच्या मेसचे खरकटे कोठे टाकतात?' आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढचा फोन रेक्टरसाहेबांना करा. एका आईबापाने केला तर ती तक्रार होते; शंभरांनी केला तर खड्ड्यावर झाकण बसते.