लेकी बोले, सुने लागे

रहस्यपटात गाणी हवीत कशाला, असं अनेक जण विचारतात. खून झालाय, पोलीस मागावर आहेत आणि मध्येच बाई गायला लागते! तक्रार अगदीच खोटी नाही. पुष्कळ चित्रपटांत गाणं सुरू झालं की रहस्य दाराबाहेर जाऊन बसतं. पण १९५६ सालचा ‘सी.आय.डी.’ आठवून बघा.

गुरुदत्त यांची निर्मिती, राज खोसला यांचं दिग्दर्शन. मुंबईत एका वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो. तपास इन्स्पेक्टर शेखरकडे, म्हणजे देव आनंदकडे येतो. पाठलागासाठी तो एका तरुणीची मोटार ताब्यात घेतो. ती शकीला. ती रागाच्या भरात मोटारीची किल्लीच फेकून देते. रात्र, पाऊस आणि बंद पडलेली गाडी! पाठलाग फसतो आणि प्रेमाला सुरुवात होते. पुढे कोठडीतल्या आरोपीच्या मृत्यूचा ठपका शेखरवरच येतो आणि पोलीसच फरारी होतो. व्ही. के. मूर्ती यांचा कॅमेरा मुंबईच्या सावल्या अशा टिपतो, की उजेडाचीही धास्ती वाटावी.

आता ते गाणं. वहिदा रेहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. त्यांची कामिनी गुन्हेगारांच्या गोटातली. शेखर त्या घरात अडकलेला आहे. कामिनी टोळीच्या म्होरक्यासमोर गाऊ लागते. आवाज शमशाद बेगम यांचा, चाल ओ. पी. नय्यर यांची. म्होरक्याला वाटतं, हे लाडिक शब्द आपल्यासाठीच आहेत. पण तो गुंतून राहावा आणि शेखरला निसटता यावं, यासाठी ती गातेय. आपल्याकडे म्हणतात ना, लेकी बोले, सुने लागे!

हे शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे. मूळचे हकीम, पिंड गझलेचा. मी कविता मराठीत लिहितो. पण घरात दखनी, शाळेत मराठी आणि रेडिओवर उर्दू, अशा तिन्ही भाषांत माझा कान घडला. त्यामुळे ही रीत मला ओळखीची वाटते. गझलेत शब्द एकाला उद्देशून असतात आणि रोख भलतीकडेच असतो. मजरूह यांनी तीच युक्ती खुनाच्या गोष्टीत आणून ठेवली. शेर आणि सुटका, दोन्ही एकाच ओळीत!

आमच्या साहित्य मेळाव्यांत ‘ते काय, सिनेमाचं गाणं’ असं हसून म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. इथे गाणं काढून टाकलं, तर माणूस सुटत नाही आणि कथा पुढे जात नाही. प्रेम काय आणि रहस्य काय, दोन्हींत मनातलं उघड बोलायची सोय नसते. तिथे कविता कामाला येते.

तेव्हा हा चित्रपट पुन्हा लागला, तर गाण्याच्या वेळी चहाला उठू नका. कामिनी गातेय कुणासमोर आणि गातेय कुणासाठी, तेवढं बघा.