गणितातून घर बेदखल



धाडसारख्या, मराठवाड्याच्या वेशीला टेकलेल्या वऱ्हाडी गावी प्राथमिक शिक्षकांचे हे संमेलन भरवून त्याचे अध्यक्षपद आपण मजकडे दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. शिरस्त्याप्रमाणे मी गणिताध्यापनाचा साद्यंत परामर्श घ्यावयाचा. परंतु उभ्या नोकरीत दफ्तराखाली दडपलेली एक तक्रार मांडल्यावाचून मला पुढे जाववत नाही. बालकाच्या गणितातून शाळेने घराला, आणि घरातही आईला व आजीला, बेदखल केले आहे.

2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेविले, ते योग्यच. पण पालकसभेत त्याचा अर्थ ‘घरी शंभरापर्यंत म्हणवून घ्या’ एवढाच उरतो.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली आणि मंगला नारळीकर यांच्या गणित समितीवर टीकेची झोड उठली. ‘बासष्ट’ की ‘साठ दोन’, हा तंटा आमच्या मंडळींत अजून मिटलेला नाही. माझ्यापुरता त्याचा निकाल फार पूर्वी एका खळ्यावर लागला. ज्वारीची रास मोजताना एक आजी पहिल्या पायलीस रीतीप्रमाणे ‘एक’ऐवजी ‘लाभ’ म्हणाली, मग दोन, तीन. आणि शेजारी बसलेली, शाळेचे तोंडही न पाहिलेली नात दर मापास एक चिंचोका बाजूला ठेवीत गेली. ‘किती पायल्या झाल्या, बापू?’ असे आजीने विचारताच, शंभरापर्यंत बिनचूक म्हणणारा थोरला नातू चिंचोक्यांवरून बोट फिरवू लागला. चिंचोके संपले तरी त्याचे अंक संपेनात. धाकटीने मात्र तेच चिंचोके एकेक सरकवीत अकरावर हात थांबविला. पहिल्या मापास ‘लाभ’ म्हटले तरी माप एकच, हे जिला उमगले तिला ‘बासष्ट’चे भय नाही आणि ‘साठ दोन’ची गरज नाही; ज्याच्या हाताखालून परिमाणच गेले नाही, त्याला दोन्ही नावे सारखीच निरुपयोगी.

असे परिमाण घरात रोजच हाताखालून जाते. चल्लस-आठच्या खेळात चार फोडलेले चिंचोके उधळले, की किती पांढरे पडले हे मूल न मोजता ओळखते आणि त्या दानाप्रमाणे सोंगटी चालविते. ताटे मांडताना माणशी एक वाटी ठेविते, भाकरीची चतकोर करिते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढिले, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी भोवतालच्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आम्ही मात्र आज भिंतीवर रंगीत तक्ते टांगून धन्य होतो!

गृहगणिताची एक पुस्तिका निघावी, तीत या मुलखातील मापे व खेळ यावेत, गावोगाव मातृसभा भराव्यात, अशी माझी सूचना आहे. तपशिलाची तजवीज कार्यकारी मंडळ यथावकाश करील. त्याआधी ‘तुम्हाला कळायचे नाही, शिकवणी लावा’ हे वाक्य पालकसभेतून हद्दपार व्हावे. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी काट्यापाशी उभी राहून किलोगणिक मजुरी तोंडी पडताळणाऱ्या बाईस हिशेब कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नाही. ज्यास तो हवा असेल, त्याने आज याच व्यासपीठावर येऊन तो सिद्ध करावा.