नगरचं बंदर पाहून आलो

आम्ही भिंगारच्या बचत गटातल्या बारा जणी. एरवी आपल्या रेडिओवर आम्ही पापड, शिवणकाम किंवा कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलतो. आज एका सहलीबद्दल बोलणार आहोत. आम्ही आमच्या नगरचं बंदर पाहून आलो.

तुम्ही म्हणाल, नगरला कुठलं आलंय बंदर? इथे प्यायला पाणी मिळालं तरी पुष्कळ. आम्हीही आधी असंच हसलो होतो. झालं असं, की गटातल्या एकीची मुलगी निजामशाहीचा धडा वाचत होती. तिनं आईला विचारलं, "आई, नगरच्या राजाचे अरबी घोडे यायचे कुठून? ते काही चालत आले नसतील." आईला उत्तर येईना. तिनं तो प्रश्न गटाच्या बैठकीत आणला आणि आमच्यापैकी कुणालाच उत्तर आलं नाही. आमचं भिंगार भुईकोट किल्ल्याला लागून. फराहबागही जवळ. त्या भिंतींच्या सावलीत आमचं आयुष्य गेलं, पण त्या राज्यात मीठ-मसाला कुठून यायचा हे कधी मनातही आलं नाही. मग शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चौलहून. अलिबागजवळचं चौल. निजामशाहीचं मोठं बंदर होतं ते."

तेव्हाच ठरलं, की जायचं.

ठरवणं सोपं होतं, पैशांचं तसं नव्हतं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही हा आमचा नियम. म्हणून वेगळी भिशी सुरू केली. महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, १८ महिने. बारा जणींचे मिळून ४३,२०० रुपये झाले. त्यात दोन दिवसांची गाडी, एक रात्र मुक्काम आणि जेवण बसलं. पैशांपेक्षा अवघड होतं ते घरी सांगणं. देवाला जातो म्हटलं की कुणी अडवत नाही. "समुद्र बघायला जातो" म्हटलं, तर सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या काकूंचं वय ६८. त्यांचा मुलगा म्हणाला, "गुडघे दुखतात म्हणतेस आणि या वयात समुद्र कशाला पाहिजे?" काकू काही बोलल्या नाहीत. भिशीचे २०० रुपये मात्र दर महिन्याला सगळ्यांच्या आधी देत राहिल्या.

जानेवारीत एका शनिवारी पहाटे चारला निघालो. पुणे, खोपोली, पेण, अलिबाग असं करत दुपारपर्यंत चौलला पोहोचलो. वाटेत आमची सगळ्यात मोठी अडचण कोणती, ते बायकांना सांगायला नको. एका ठिकाणच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडीच नव्हती. दोघी बाहेर पहारा देत उभ्या राहिल्या. काकू तर वाटेत पाणीच प्यायल्या नाहीत. तुम्ही असं करू नका. थांबायची ठिकाणं आधीच ठरवा, गाडीवाल्याला स्पष्ट सांगा.

घाट उतरताना आम्हाला बाईंनी सांगितलेल्या अफनासी निकितीनची आठवण झाली. हा रशियातला व्यापारी. १४७० च्या सुमारास जहाजानं चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. तिथून पाली करत, डोंगर चढत जुन्नरला गेला. त्या प्रवासाला त्याला २४ दिवस लागले, आणि आम्हाला आठ तास लांब वाटत होते! जुन्नरच्या सरदारानं त्याचा घोडाच काढून घेतला होता. पुढे तो परत मिळाला. ही नगर वसण्याआधीची गोष्ट. पण पुढे ज्यानं नगर वसवलं त्या मलिक अहमदची पहिली राजधानी जुन्नरच होती. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात निकितीनचं स्मारक आहे.

चौल आणि रेवदंडा ही जुळी गावं. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून रस्ता जातो, आणि ऊन असं अंगावर येतच नाही. गाव मात्र फार जुनं. जुन्या ग्रीक लेखनात याचा उल्लेख आहे. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. इथल्या उत्खननात परदेशी भांड्यांचे तुकडे निघाले, त्यांत चीनहून आलेल्या भांड्यांचेही. आपण लोणच्याच्या बरणीला 'चिनी मातीची' म्हणतो, त्या शब्दाला कुठला तरी समुद्र ओलांडावा लागला असेल हे आम्हाला तिथे प्रथम जाणवलं.

आधी रामेश्वराच्या देवळात गेलो. पुढे मोठी पुष्करणी, तीत पाणी. सभामंडपात जमिनीखाली कुंडं आहेत. त्यांतलं एक पर्जन्यकुंड. पाऊस पडला नाही की ते उघडायचं, अशी तिथली श्रद्धा. हे ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "इथे एवढं हिरवं, तरी यांनाही पावसाची धास्ती?" मग आम्ही सगळ्याच गप्प झालो. आम्हाला वाटायचं, दुष्काळ फक्त आमच्या वाट्याला आलाय.

पुढे वाड्यांमध्ये जुना हमामखाना पाहिला, पडक्या अवस्थेतला. भिंतींवर कुणी कुणी नावं कोरलेली. आम्ही नाकं मुरडली, आणि मग आठवलं की आमच्या नगरच्या जुन्या इमारतींवरही अशीच नावं आहेत. त्यातली काही आमच्याच ओळखीच्या पोरांची असतील.

संध्याकाळी रेवदंड्याच्या किल्ल्यात गेलो. हा पोर्तुगीजांचा. १५२१ च्या सुमारास नगरच्या बुऱ्हाण निजामशहानं त्यांना इथे बांधायची परवानगी दिली. घोड्यांचा व्यापार चालावा हा हेतू. पण एकदा पाय रोवल्यावर ते हलले नाहीत. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहा मोठं सैन्य घेऊन नगरहून इथे आला, महिनोनमहिने वेढा घातला, आणि शेवटी १५७१ मध्ये तह करून परत गेला. मुर्तझानं नगरचा फराहबाग पुरा केला, पण दारातलं हे ठाणं त्याला घेता आलं नाही. पोर्तुगीज इथून गेले ते १७४० मध्ये, मराठ्यांच्या काळात.

या मुर्तझाची आई खुंझा हुमायूं. आपल्या चांदबिबीचीही आई तीच. नवरा वारल्यावर मुलगा लहान म्हणून काही वर्षं नगरचा कारभार या बाईनं पाहिला. पुढे मुलानंच तिला कैदेत टाकलं. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात तिच्या काळातलं एक सचित्र हस्तलिखित आहे. त्यातल्या काही चित्रांत राजा आहे, आणि शेजारी बसलेली राणी मात्र पुसून टाकलेली आहे. बाईंनी हे सांगितलं होतं तेव्हा आम्ही नुसतं ऐकून घेतलं होतं. किल्ल्याच्या तटावर बसून ते पुन्हा आठवलं, तेव्हा एकजण म्हणाली, "चांदबिबीचं नाव आपण घेतो, तिच्या आईचं कुणी घेतलंच नाही." म्हणून आज रेडिओवर मुद्दाम घेतो आहोत.

किल्ल्यात एका उंच मनोऱ्याचे अवशेष आहेत, सातखणी म्हणतात. त्याच्या मागे सुरूची झाडं, आणि झाडांच्या पलीकडे समुद्र.

बारा जणींपैकी सात जणींनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. पोरीसोरी चपला हातात घेऊन पळाल्या. काकू मात्र वाळूच्या कडेला उभ्या राहिल्या. चपला काढल्या, पदर सावरला, हात जोडले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही." मग आमच्या दोघींचा हात धरून त्या घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या, आणि अंधार पडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हत्या. गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

मुक्काम एका घरगुती खानावळीत होता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. आम्ही सोबत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती घरच्या ताईंना दिली. ताईंच्या परसात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. जुना, जड, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. काकू त्याच्यापाशी गेल्या आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ. काकूंचं नुकतंच लग्न झालेलं, वय सोळा. त्या रोज खडी फोडायला जायच्या. घरात सासूबाईंचा एक तांब्याचा हंडा होता, सासूबाईंच्या सासूपासून आलेला. त्या वर्षी तो विकला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हंड्यात भरायला पाणीच नाही, तर हंडा ठेवून काय करू?" आलेल्या पैशात धान्य आणलं. काकू म्हणाल्या, "सासूबाई तेवढ्या एकदाच रडल्या. माणसं गेली तेव्हाही रडल्या नव्हत्या."

आमच्यापैकी एकीनं वहीत बाईंनी सांगितलेलं टिपून आणलं होतं. ती उठून वही घेऊन आली. दुआर्त बार्बोझा नावाच्या पोर्तुगीजानं पाचशे वर्षांपूर्वी चौलच्या बाजाराबद्दल लिहून ठेवलंय. डिसेंबर ते मार्च इथे मोठा व्यापार चाले. घाटावरून बैलांचे तांडे उतरत. एकेक माणूस वीस-तीस बैल हाकत आणी. त्यांच्या पाठीवर धान्य आणि कापड. आणि परत जाताना तांडे नेत मसाले, नारळ, सुपारी, आणि तांबं. देशावर तांब्याला फार मागणी होती, नाण्यांसाठी आणि भात शिजवायच्या भांड्यांसाठी.

काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तांबं इथून वर चढायचं." आम्ही म्हटलं, "हो काकू." त्यांच्या सासूबाईंचा हंडा नेमका इथल्याच तांब्याचा होता, असं कुणी म्हणणार नाही. मध्ये कितीतरी पिढ्या गेल्या. पण हंडा पाठीवरच्या तांड्यानं आला आणि दुष्काळात मोडीत गेला, या दोन टोकांमध्ये आपल्या घरातल्या बायकाही होत्या, एवढं तरी त्या रात्री कळलं. इतिहासाच्या पुस्तकात घोडे आणि तोफा असतात. भांडी कुणी लिहून ठेवली तर आपलं नाव त्यात सापडतं.

या समुद्रावरून फक्त माल येत नव्हता, हेही सांगायला हवं. माणसंही विकली जात होती. मलिक अंबर इथियोपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला, आणि निजामशाहीच्या एका मोठ्या मंत्र्यानं त्याला विकत घेतलं. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर याच माणसानं पुढे पंचवीस वर्षं निजामशाही उभी ठेवली. ज्याच्या आईबापांचा पत्ता कुणाला माहीत नाही, त्यानं आपलं राज्य राखलं.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. तिथल्या काही घरांत अजूनही पोर्तुगीजातून तयार झालेली बोली बोलतात. मासळी विकणाऱ्या एका मावशीशी बोललो. आमच्याशी मराठीत, शेजारणीशी त्या बोलीत, आणि भाव करताना दोन्हीत! राज्य गेलं त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, पण बायकांनी घरात बोली टिकवली.

चौलचं बंदर मात्र टिकलं नाही. सत्ता बदलत गेल्या, पलीकडे मुंबई वाढली, व्यापारी आणि विणकर तिकडे सरकले. आज तिथे वाड्या आहेत, शांतता आहे, आणि खोदलं तर खापरं.

येताना आम्ही नारळ, सुपारी आणि सुकट घेतली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की जाताना ज्वारी आणि शेंगदाणे नेले, येताना नारळ-सुपारी आणली. तांड्यांचाच व्यवहार आम्ही केला. फक्त बैल नव्हते.

कुणाला जायचं असेल तर थोडं सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून घ्या आणि ओळखीच्या माणसाशिवाय पाण्यात खोल जाऊ नका. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीचं. नसेल घालायचं तर जास्तीची एक साडी ठेवा, कारण भिजणारच. जाण्याआधी मुलांच्या पुस्तकातला धडा एकदा वाचा. आणि थोरल्या बायकांना मागे ठेवू नका. आम्ही काकूंना नेलं नसतं, तर आमच्या सहलीतलं निम्मं आम्हाला कळलंच नसतं.

घरी आल्यावर मुलानं काकूंना विचारलं, "मग, काय पाहिलंस?" काकूंनी त्याला हंड्याची गोष्ट सांगितली. त्यानंही ती पहिल्यांदाच ऐकली.

पुढच्या सोमवारी बैठकीत काकूंनी पदराच्या गाठीतून २०० रुपये काढून वहीवर ठेवले. आम्ही विचारलं, "काकू, भिशी तर संपली." त्या म्हणाल्या, "जुन्नर राहिलंय ना बघायचं?"

तर मैत्रिणींनो, आमची नवी भिशी सुरू झाली आहे.